अर्धा डोंगर इथे, अर्धा ३१४ किलोमीटर लांब

कॅलिफोर्नियातल्या पिनॅकल्स नॅशनल पार्कात गेलात की आधी मान वर जाते. तांबूस सुळके, मध्ये जेमतेम एक माणूस शिरेल एवढ्या फटी, आणि माथ्यावर कुणीतरी मुद्दाम नेऊन ठेवल्यासारखे धोंडे. फोटो काढून होतात आणि मग कळतं की आपण बघतोय तो एका विझलेल्या ज्वालामुखीचा फक्त एक तुकडा आहे. मग बाकीचा गेला कुठे?

तो आहे आग्नेयेला, लँकेस्टर शहराच्या बाजूला नीनाक नावाच्या जागेजवळ, सुमारे ३१४ किमीवर. खरं तर "तो गेला कुठे" हा प्रश्नच उलटा आहे, घरापासून लांब फरफटत आलाय तो हा पिनॅकल्सचा तुकडा.

झालं असं की साधारण २.३ कोटी वर्षांपूर्वी तिकडे ज्वालामुखी पेटला, लाव्हा आणि राखेचे थरावर थर बसले, आणि पुढे सॅन अँड्रियास फॉल्टने, म्हणजे जमिनीतल्या एका लांबच लांब सरकत्या भेगेने, त्या सगळ्याला उभा चिरला. या फॉल्टवर पॅसिफिक प्लेट आणि नॉर्थ अमेरिकन प्लेट (पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे) एकमेकींवर आदळत नाहीत, एकमेकींना घासत सरकतात. पश्चिमेचा तुकडा पॅसिफिक प्लेटबरोबर वायव्येला निघाला, दुसरा राहिला तिथेच.

आता हे कुणी सांगितलं म्हणून लगेच पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. पण १९७०च्या दशकात व्हिन्सेंट मॅथ्यूज या भूशास्त्रज्ञाने दोन्हीकडचे खडक ताडून बघितले तर तेच खडक आणि थरांचा क्रमही तसाच. एखादा खडक योगायोगाने जुळेल, अख्खी रांग कशी जुळेल?

हिशोब करून बघा. ३१४ किमी म्हणजे ३ कोटी १४ लाख सेंटिमीटर, भागिले २.३ कोटी वर्षं, तर वर्षाला दीड सेंटिमीटरही येत नाही. पण या भागात फॉल्ट आज वर्षाला तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकतो, म्हणजे ज्वालामुखी झाल्या झाल्या या वेगाने प्रवास सुरू झाला नसणार, बराच काळ तो जागच्या जागी किंवा हळू सरकत असणार. आणि हे सरकणं बघायचं असेल तर पार्कापासून फार लांब जायला नको, हॉलिस्टर गावाच्या दक्षिणेला एका वायनरीची इमारत बरोब्बर फॉल्टवर बांधलीये, तिच्या भिंती कुठलाही मोठा भूकंप न होता हळूहळू फाटत चालल्यात. इथला फॉल्ट अडकून बसत नाही, सारखा थोडा थोडा घसरत असतो.

सुळक्यांचं काम त्या मानाने सोपं, खडकाला उभ्या भेगा पडल्या, पाणी त्यात शिरत राहिलं, कमकुवत भाग झिजला, टणक भाग उभा राहिला. बस्स.

गुहा मात्र भारी आहेत. चुनखडीतल्या गुहांसारख्या या पाण्याने विरघळून झालेल्या नाहीत, अरुंद घळीत वरून घराएवढे धोंडे पडले ते खाली न पोचता मध्येच अडकले आणि त्यांचंच छप्पर झालं. बेअर गल्च गुहेतून जाताना डोक्यावर नक्की काय अडकलंय याचा विचार न केलेला बरा! टॉर्च हवाच. आणि आधी चौकशी करून जा कारण आत मोठ्या कानांच्या वटवाघळांची वसाहत आहे, त्यांच्या पिल्लांच्या दिवसांत गुहा बंद ठेवतात.

हाय पीक्सच्या वाटेवर १९३०च्या दशकात खडकात खोदलेल्या चिमुकल्या पायऱ्या आहेत, कडेला लोखंडी कठडा आहे, तरी पाऊल नीट बघून टाका. वर कॅलिफोर्निया काँडॉर हा गिधाडासारखा पक्षी दिसला तर नशीब, पंखांचा पसारा जवळपास तीन मीटर. १९८७ मध्ये रानातला शेवटचा काँडॉरही पकडून प्रजननासाठी नेला होता, इथे त्यांना परत सोडायला लागले २००३ पासून. उन्हाळ्यात पारा ३८च्या वर जातो तेव्हा पाणी भरपूर घ्या, आणि एक लक्षात ठेवा, पूर्वेचं आणि पश्चिमेचं गेट पार्कातल्या रस्त्याने जोडलेलं नाही, चुकीच्या बाजूला पोचलात तर डोंगराला लांबचा वळसा.

राहिला नीनाकचा तुकडा. पिनॅकल्सचा भाग दोन फॉल्टच्या मधोमध खाली खचला आणि त्यामुळे बराच काळ झिजेपासून वाचला, तिकडच्याला ते नशीब मिळालं नाही. तिथे ना पार्क, ना गेट, ना पायऱ्या.