गळणारं पान आणि चिकटून बसलेलं पान

डिसेंबर लागला की झाडांच्या चौकशीचे फोन सुरू होतात. गेल्या वर्षी पहिला फोन पुण्याच्या सहकारनगरातल्या एका सोसायटीतून आला. गेटजवळच्या देशी बदामाची पानं लालभडक होऊन पडताहेत, रोज दोन पोती भरतात, औषध सांगा. जाऊन बघितलं तर बदाम ठणठणीत. हिवाळ्यात रंग बदलून पानं टाकणं हा त्याचा दरवर्षीचा कार्यक्रम. पण त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बकुळीच्या एका फांदीवर तपकिरी, कडकडीत वाळलेली पानं तशीच लटकत होती. तिच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. तिचा कचरा पडत नव्हता ना!

पान गळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. पान तरुण असतं तोवर त्यातून ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली झिरपत राहतं आणि तो थर शांत असतो. पान म्हातारं झालं किंवा पाण्याची ओढ लागली की ऑक्सिन आटतं, इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर वाढतो, आणि त्या थरातल्या पेशी एकमेकींना जोडणारा चिकट पदार्थ विरघळवणारी विकरं (एन्झाइम) तयार करतात. त्याआधी झाड पानातलं नत्र आणि स्फुरद बरंचसं परत ओढून घेतं, घर सोडताना भांडीकुंडी आवरावीत तसं. मागे राहिलेल्या व्रणावर बुचासारखं आवरण धरतं. या सगळ्याला ऊर्जा लागते. फांदीच अचानक मेली तर हे काम करणार कोण? म्हणून मेलेल्या फांदीवरचं पान गळत नाही, लोंबत राहतं. माझं तर ठरलेलंच आहे : हिवाळ्यात झाड बघायला गेलो की आधी जमिनीवरची पानं नाही, वर अडकलेली पानं बघायची.

आता पुण्याची थंडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांवर असतो, कधी त्याच्याही खाली जातो, आणि दुपारी २९-३० वर चढतो. पाषाण, एनडीएसारख्या मोकळ्या भागांत मगरपट्टा-कोरेगाव पार्कसारख्या दाट वस्तीपेक्षा पहाट चांगलीच बोचते, कारण मोकळी जमीन रात्री भराभर उष्णता सोडते आणि गार, जड हवा सखल भागात साचते. शहराचा नीचांक १.७ अंश, तोही जानेवारी १९३५ मधला. म्हणजे थंड देशांतल्या झाडांना सतावणारं संकट, पेशींभोवतीचं पाणी गोठणं आणि साल फाटणं, आपल्या वाट्याला येत नाही. आपल्याकडे छळते ती कोरड. ऑक्टोबरात पाऊस गेला की जूनपर्यंत नाव घेण्यासारखा येत नाही आणि दुपारची हवा पानांतलं पाणी शोषत राहते. साग, सावर, पांगारा पानं टाकतात ती थंडीला भिऊन नाही, पाणी राखायला.

तरीही न गोठता थंडी बाधते. हिवाळ्यात न्हाणीघरातलं खोबरेल घट्ट होतं आणि स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं तेल पातळ राहतं, हे आपण बघतोच. पेशींची आवरणंसुद्धा स्निग्ध पदार्थांचीच. उष्ण, दमट मुलखातल्या वनस्पतींची आवरणं थोडी खोबरेलाच्या वळणाची असतात. दहा-बारा अंशांना ती ताठरतात, गळू लागतात, पेशीतले क्षार बाहेर झिरपतात. त्यात सकाळी स्वच्छ ऊन पडतं. गारठलेलं पान तो प्रकाश वापरू शकत नाही, आणि न वापरलेला प्रकाशच त्याचं हरितद्रव्य जाळतो. क्रोटन, डिफेनबाकिया, अ‍ॅग्लोनेमा यांच्यावर जानेवारीत उमटणारे पांढुरके किंवा काळपट डाग बहुधा असे येतात. त्यावर बुरशीनाशक मारून काही होत नाही. सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांमध्ये मिळणारी बरीच शोभेची झुडपं आंध्रातल्या कडियमहून, गोदावरीच्या उबदार खोऱ्यातून येतात. ती डिसेंबरात ट्रकमधून उतरवून थेट पाषाणच्या उघड्या गच्चीवर ठेवायची म्हणजे कोकणातल्या माणसाला स्वेटर न देता महाबळेश्वरला पाठवण्यासारखं आहे.

खऱ्या रोगांमध्ये हिवाळ्याचा मानकरी म्हणजे भुरी. बुरशी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ओल येते, पण भुरीचं गणित उलटं आहे. तिचे बीजाणू स्वतःपुरतं पाणी बरोबर घेऊन येतात. पान ओलं असायची गरजच नाही. उलट पाण्याच्या थेंबात ते नीट रुजत नाहीत. त्यांना हवी असते गार, दमट रात्र आणि मग कोरडा, वाऱ्याचा दिवस. म्हणजे पुण्याचा हिवाळाच! ऑक्टोबरात छाटलेल्या गुलाबाला कोवळे फुटवे येतात नेमके याच वेळी. आधी पानाची कड जराशी वळते. मग पीठ सांडल्यासारखे ठिपके दिसतात. भिंगातून पाहिलं तर त्या पिठात बीजाणूंच्या उभ्या माळा दिसतात, मण्यावर मणी रचल्यासारख्या. ही बुरशी पानाच्या वरच्याच पेशींमध्ये शोषकं घुसवून जगते आणि पान मेलं तर तीही मरते, म्हणून ती पानाला चटकन मारत नाही, रोज थोडं थोडं लुटते. आंब्याच्या मोहोरावर आणि बोरीवर तिचीच भावंडं असतात.

उपाय जुनाच आहे, गंधक. पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी. पारा ३२ च्या वर असेल तर मारू नये, पानं करपतात. आणि निंबोळी तेल फवारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्यावेत, हे बाटलीवर बारीक अक्षरात असतं म्हणून कुणी वाचत नाही. दोन-चारच कुंड्या असतील तर सकाळी पानांवर पाण्याचा जोरदार फवारा आणि युरियाला सुट्टी, एवढ्यावरही बरंच भागतं.

दुसरी तक्रार गाडीवाल्यांची असते. झाडाखाली लावलेली गाडी सकाळी चिकट होते. तो मावा किंवा खवले कीड. रस शोषताना जादा साखर मागच्या बाजूने टाकतात, तोच चिकटा. वेताळ टेकडीवर उंदीरमारीच्या (ग्लिरिसिडियाच्या) कोवळ्या शेंड्यांवर हिवाळ्यात काळा मावा असाच दाटतो आणि खालची पानं काजळी धरतात. ती काजळी बुरशी पानावर नाही, सांडलेल्या साखरेवर जगते, त्यामुळे पुसून निघते. फवारणीआधी झाडावर ढालकिड्यांच्या (लेडीबर्डच्या) काळ्या-नारिंगी, खरबरीत अळ्या आहेत का ते बघा. दिसायला ओंगळ म्हणून लोक त्यांनाच आधी चिरडतात, आणि मावा खाणाऱ्या त्याच.

बकुळीकडे परत येतो. तिच्यावर ना भुरी होती ना मावा. खोडाला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवलेले होते. "कधी बसवले?" तर म्हणे मे महिन्यात. पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. खणताना ती तुटली. पावसाळाभर झाडाचं निभावलं, ऑक्टोबरनंतर पाणी ओढायला मुळंच पुरेशी उरली नाहीत. मे महिन्यातली जखम डिसेंबरात दिसली, म्हणून दोष थंडीवर गेला. हिवाळ्यातल्या दुखण्यांपैकी निम्म्यांची मुळं अशी उन्हाळ्यातल्या खोदाईत सापडतात असं माझं मत आहे.

वाळक्या फांदीची साल नखाने खरवडली. आत तपकिरी. जोडाजवळ खरवडली, तिथे हिरवी. म्हणजे मर खोडापर्यंत पोचलेली नव्हती. खोडाभोवतीचे ब्लॉक काढले, माती हलकेच मोकळी केली, आठवड्यातून एकदा फांद्यांच्या घेराखाली सावकाश पाणी द्यायचं ठरलं, आणि बदामाची ती रोजची दोन पोती तिथेच तीन-चार बोटं जाड पसरली, खोडापासून वीतभर लांब. फांदी मात्र लगेच कापता आली नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे सोसायटीच्या आवारातल्या झाडालाही परवानगी लागते. अर्ज केला, परवानगी यायला फेब्रुवारी उजाडला. कापलेल्या जागी मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. तोवर तिची पानं तशीच लटकत होती, एकही पडलं नव्हतं.