उपवासाच्या रात्रीची मेजवानी: इटलीतल्या नाताळच्या जेवणामागचा इतिहास

23 डिसेंबरला नेपल्सच्या पोर्ता नोलाना आणि पिन्यासेक्का या बाजारांत मासळीच्या दुकानांपुढे उभं राहायला जागा नसते. पाण्याच्या उथळ टपांत जाडजूड वाम वळवळत असतात. ‘कापितोने’ म्हणजे या माशाची मोठी, चरबीने भरलेली मादी. ती जिवंतच विकत घ्यायची आणि 24 तारखेला तुकडे करून, पिठात घोळवून तळायची, अशी रीत आहे. उरलेले तुकडे व्हिनेगर, लसूण आणि तमालपत्रात मुरवले की पुढचे काही दिवस पुरतात. हातातून निसटून स्वयंपाकघरभर पळालेल्या कापितोनेचे किस्से नेपल्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. दिसते सापासारखी, म्हणून तिला कापणं म्हणजे सैतानाचाच निकाल लावणं, असंही जुनी माणसं म्हणतात. नव्या घरांतून मात्र जिवंत मासा सिंकमध्ये ठेवायची तयारी फारशी कुणाची नसते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर 24 च्या, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री मांस चालत नाही म्हणून. कॅथलिक परंपरेत मोठ्या सणाचा आदला दिवस संयमाचा मानला जात असे. गाय, डुक्कर, कोंबडी वर्ज्य. मासे मात्र चालत. 1917 च्या चर्चच्या कायदेसंहितेत उपवासाच्या आणि मांसत्यागाच्या दिवसांची यादी होती, तिच्यात नाताळचा आदला दिवसही होता. 1966 मध्ये पोप पॉल सहावे यांनी उपवासाचे नियम बरेच सैल केले आणि हा दिवस त्या यादीतून निघाला. म्हणजे 24 तारखेला कुणी मांस खाल्लं तर चर्चची हरकत असायचं कारण नाही. तरीही रोमपासून खाली सिसिलीपर्यंत असंख्य घरांत त्या रात्री मासेच असतात, आणि त्यांत वर्षभर चर्चची पायरी न चढणारीही घरं असतात. आजीने केलं, आईने केलं, आता आपण करायचं. पोपची परवानगी इथे कुणी विचारतच नाही.

आता उपवास म्हटलं की जेवण साधं असणार, असं वाटेल. पण एकादशी अन्‌ दुप्पट खाशी ही म्हण नेपल्समध्येही खपून जाईल. शिंपल्यांची स्पगेटी, तळलेला कॉड, कापितोने, शिवाय फ्लॉवर, ऑलिव्ह, अँचोव्ही हे खारवलेले छोटे मासे आणि लोणच्यातल्या मिरच्यांचं ‘इन्सालाता दि रिन्फोर्त्सो’. हे सॅलड नववर्षापर्यंत टिकवतात, रोज संपेल तेवढी त्यात नवी भर घालतात. शेवटी ‘स्त्रुफोली’, म्हणजे बोराएवढ्या तळलेल्या गोळ्या मधात घोळवून त्यांवर रंगीत साखरेचे दाणे.

समुद्रापासून लांब, डोंगरातल्या गावांनी मासे आणायचे कुठून, हा खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर थेट नॉर्वेहून आलं. पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा एक उमराव-व्यापारी 1431 मध्ये क्रीटहून माल्वासिया नावाची द्राक्षाची दारू आणि मसाले घेऊन फ्लँडर्सकडे, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूला निघाला. वाटेत वादळांनी जहाज मोडलं, माणसं होड्यांत उतरली. 68 जणांपैकी जेमतेम 11 जण जिवंत राहिले, आणि ते 1432 च्या जानेवारीत नॉर्वेच्या लोफोतेन बेटांमधल्या रोस्तजवळ किनाऱ्याला लागले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना घरांत ठेवून घेतलं. कॉड मासा मिठाशिवाय नुसत्या वाऱ्यावर लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवायचा, मग ठोकून मऊ करून लोण्याबरोबर खायचा, ही तिथली पद्धत क्वेरिनीने लिहून ठेवली आणि व्हेनिसला परतल्यावर आपला वृत्तांत सादर केला. या एका माणसामुळे सुका कॉड इटलीत आला, असं सांगायची पद्धत आहे. मला ते भाबडं वाटतं. उत्तरेकडचे व्यापारी सुका कॉड त्याआधीच युरोपभर विकत होते. इटलीत त्याचा खप वाढायला मोठा जोर मिळाला तो पुढच्या शतकात. 1545 ते 1563 या काळात त्रेंतो इथे कॅथलिक चर्चची धर्मपरिषद भरली, त्यानंतर चर्चने उपवासाची शिस्त कडक केली, आणि महिनोन्‌महिने न सडणाऱ्या माशाला डोंगरदऱ्यांतून गिऱ्हाईक मिळालं. आजही नॉर्वेच्या सुक्या कॉडचा सगळ्यात मोठा ग्राहक इटलीच आहे. उत्तरेतल्या विचेन्झामध्ये तो दुधात आणि ऑलिव्ह तेलात मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात. दक्षिणेत खारवलेला कॉड वापरतात. त्याला दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजत घालावं लागतं, म्हणजे 24 च्या जेवणाची तयारी 21-22 लाच सुरू होते.

अमेरिकेत गाजलेल्या ‘सात माशांच्या मेजवानी’चाही उगम या रात्रीतच आहे. 1880 ते 1924 या काळात सुमारे 40 लाख इटालियन अमेरिकेत गेले, बहुतेक सगळे दक्षिणेतले गरीब शेतकरी आणि मजूर. गावाकडे एक-दोन प्रकारचे मासे परवडायचे. न्यूयॉर्कमध्ये हातात पैसा आला तशी ताटं वाढत गेली आणि पुढे सातचा आकडा पक्का झाला. सातच का, तर कुणी कॅथलिक धर्मातले सात संस्कार सांगतं, कुणी रोमच्या सात टेकड्या. इटलीत मात्र या नावाची मेजवानी बहुतेकांच्या कानावरूनही गेलेली नसते. आकड्यांची हौस तिकडेही आहे, पण ती गावागणिक बदलते. दक्षिणेतल्या कालाब्रियात काही घरांत त्या रात्री 13 पदार्थ लागतात.

25 ला दुपारी सगळं उलटं. काल जे वर्ज्य होतं ते सगळं आज ताटात. उत्तरेतल्या बोलोन्या आणि मोदेना शहरांत या दिवशी ‘तोर्तेल्लिनी इन ब्रोदो’, म्हणजे सूपमध्ये शिजवलेल्या सारणाच्या छोट्या घड्या, हवंच. पोर्क, प्रोशुतो आणि मोर्तादेल्ला ही डुकराच्या मांसाची मुरवलेली-शिजवलेली रूपं, पार्मेझान चीज, अंडं आणि जायफळ यांचं सारण आदल्या दिवशी करून ठेवायचं. मैद्याची अंड्यात मळलेली पोळी लांब लाटण्याने आरपार दिसेल इतकी पातळ लाटायची, तिचे तीन-चार सेंटिमीटरचे चौकोन कापायचे, मध्ये वाटाण्याएवढं सारण, त्रिकोणी घडी, आणि मग दोन टोकं करंगळीभोवती आणून दाबायची. एकटीदुकटीचं हे काम नाही. आजी लाटते, बाकीच्या टेबलाभोवती बसून वळतात, आणि कुणाचा तोर्तेल्लिनो ढोबळ झाला यावर शेरेबाजी चालू राहते. 7 डिसेंबर 1974 ला सारणाची कृती बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली गेली. त्याने घराघरातली भांडणं मिटली असतील, असं समजू नका.

हे तोर्तेल्लिनी ज्या सूपमध्ये शिजतात ते खसी केलेल्या, मुद्दाम पोसलेल्या कोंबड्याचं. हा कोंबडा नाताळलाच का, याचं एक कारण जमिनीच्या व्यवहारात आहे. मध्य आणि उत्तर इटलीत ‘मेझाद्रिया’ म्हणजे अर्धेलीची पद्धत होती. निम्मं पीक मालकाचं, शिवाय नाताळला खसी कोंबडे आणि इतर सणांना अंडी, कोंबड्या मालकाच्या घरी पोचवायच्या. चांगला कोंबडा वाड्यावर जायचा, आणि कुळाच्या घरी वर्षातून एकदाच असं सूप व्हायचं. असे नवे करार करण्यावर बंदी आणणारा कायदा 1964 मध्ये झाला. म्हणजे आज ऐंशीच्या घरात असलेल्या कित्येक आज्यांनी ती देणी स्वतः पाहिली आहेत. पेल्लेग्रिनो आर्तुसी यांनी 1891 मध्ये काढलेल्या प्रसिद्ध पाककृतींच्या पुस्तकात इटलीच्याच रोमान्या भागातल्या, तोर्तेल्लिनीसारख्याच ‘काप्पेल्लेत्ती’बद्दल लिहिताना नाताळच्या दिवशी शंभर-शंभर गिळल्याच्या बढाया मारणाऱ्यांची गंमत केली आहे. वर्षभर पोट मारून राहिलेल्या माणसाची ती बढाई असावी, असं मला वाटतं.

गोडाची गोष्ट वेगळी, कारण तिथे कारखाना येतो. पानेत्तोने हा मूळचा मिलानचा सणाचा पाव, बैठा आणि घट्ट. राजवाड्यातल्या तोनी नावाच्या पोऱ्याने तो शोधला वगैरे दंतकथा सोडून द्या. आज आपण ओळखतो तो उंच, घुमटासारखा, कागदाच्या साच्यातला पानेत्तोने विसाव्या शतकातला. आंजेलो मोत्ता यांनी 1919 मध्ये मिलानमध्ये धंदा सुरू केला, पीठ तीनदा फुगवलं आणि कागदाची पट्टी लावून त्याला वर चढायला भाग पाडलं. पाठोपाठ जोआक्कीनो आलेमान्या आले. भट्टीतून निघालेला पानेत्तोने इतका हलका असतो की सरळ ठेवला तर खाली बसतो, म्हणून तळाला सुया टोचून तो तासन्‌तास उलटा टांगून ठेवतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भरभराटीत या दोन कंपन्यांचे खोके आल्प्सपासून सिसिलीपर्यंत पोचले, आणि ज्या दक्षिणेत नाताळला मधातले गोळे आणि अंजिराच्या करंज्या खात तिथेही पानेत्तोने ‘आपला’ झाला. 2005 च्या सरकारी आदेशाने आता मापही ठरलं आहे: किमान 16 टक्के लोण्याचा स्निग्धांश, 20 टक्के मनुका आणि साखरेत मुरवलेली साल.

वेरोनाने ‘पांदोरो’ पुढे केला. दोमेनिको मेलेगात्ती यांनी 1894 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आठ टोकांच्या चांदणीचा साचा, मनुका नाहीत, वरून पिठीसाखर. पानेत्तोने की पांदोरो हा वाद प्रत्येक घरात दरवर्षी नव्याने रंगतो. गंमत म्हणजे मोत्ता आणि आलेमान्या ही मिलानची दोन्ही नावं 2009 मध्ये वेरोनाच्या बाउली कंपनीने विकत घेतली. याच बाउलीने आपल्या बारामतीत क्रोसाँचा कारखाना उभारला, त्यामुळे या घराण्याचा माल महाराष्ट्रातल्या बऱ्याच जणांनी नकळत खाल्लेला असेल.

सिएनाचा ‘पानफोर्ते’ याहून कितीतरी जुना: सुकामेवा, मध आणि मसाले. त्यातली मिरी व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत मलबारहून येई, म्हणून तो एके काळी बड्यांचाच खाऊ होता.

सण 25 ला संपत नाही. 31 च्या रात्री डुकराच्या मांसाचा ‘कोतेकिनो’ आणि मसूर. मसुराचे दाणे नाण्यांसारखे, म्हणून जितके खाल तितका पैसा. 6 जानेवारीला बेफाना ही म्हातारी खट्याळ पोरांच्या मोज्यात काळ्या साखरेचा कोळसा टाकून जाते. मिलानमध्ये मात्र पानेत्तोनेचा एक तुकडा मुद्दाम राखून ठेवतात आणि तो 3 फेब्रुवारीला, सान ब्याजोच्या दिवशी, वाळका झालेला असला तरी खातात. त्याने वर्षभर घसा धरत नाही असा समज आहे. ज्यांनी राखलेला नसतो त्यांच्यासाठी त्या सुमारास दुकानदार उरलेला माल एकावर एक फुकट लावून काढतात.