डिझेल हीटरची जागा (फोर बाय फोर गाडीतील)

इंजिन बंद असतानाही गाडीची केबिन ऊबदार ठेवणारा, डिझेलवर चालणारा हवा-हीटर जंगल-नाल्यांतून फिरणाऱ्या गाडीत नेमका कुठे बसवावा, याची निवड. यंत्र तसे लहान असते. २ किलोवॉटचा हीटर साधारण ३१ सेंमी लांब आणि १२ सेंमी रुंद-उंच भरतो, म्हणजे मोठ्या जेवणाच्या डब्याएवढा. त्याच्या पोटात दोन हवा एकमेकींना न शिवता वाहतात. एक गाडीखालून ओढली जाते, डिझेलबरोबर जळते आणि धुराच्या नळीने पुन्हा बाहेर पडते. दुसरी केबिनमधलीच, पंखा तिला तापलेल्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांवरून फिरवून परत आत सोडतो. जागेचा सगळा खटाटोप या दोन हवा कुठेही मिसळू नयेत म्हणून.

वेबास्टो आणि एबरस्पेशर ही या धंद्यातली दोन जुनी जर्मन नावे. आता स्वस्त चिनी हीटरही ऑनलाइन मागवता येतात. सोबत येणारे माहितीपत्रक मात्र बर्फाळ मुलखातल्या व्हॅनसाठी लिहिलेले असते. विदर्भातल्या रेगडीचा म्हणजे चिकट काळ्या मातीचा, रपट्यावरून (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून) वाहणाऱ्या पाण्याचा किंवा ४५ अंशांच्या उन्हाळ्याचा त्यात विचार नसतो.

विदर्भात हीटर कशाला, हा प्रश्न मे महिन्यात विचारला तर रास्तच आहे. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी खुद्द नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. गोंदियाकडे थंडीच्या लाटेत सात-आठ अंश नवलाचे नाहीत, आणि सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात पहाटेचा वारा अंगाला झोंबतो. हरभऱ्याला रात्रपाळीचे पाणी द्यायला जाणारा किंवा रोही (नीलगाय) आणि डुकरांपासून पीक राखायला जागलीवर बसणारा शेतकरी शेकोटीवर भागवतो, आणि ते शहाणपणाचेच आहे. हीटर लागतो तो गाडीतच रात्र काढणाऱ्यांना, आणि थार किंवा बोलेरो घेऊन इथून स्पिती-लडाखला निघणाऱ्यांना. म्हणजे वर्षातले जेमतेम दोन महिने हीटर चालतो, उरलेले दहा महिने नुसता गाडीला लटकून राहतो. या दहा महिन्यांत त्याचे काय होईल, हे पाहून जागा ठरवणारे फार थोडे.

बसवणारे बहुतेक जण आधी हीटर कुठे मावतो ते पाहतात. खरे तर आधी धुराच्या नळीचे तोंड कुठे निघणार ते ठरवावे आणि तिथून उलटे मागे येत हीटरची जागा शोधावी. धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. युरोपात लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या १२२ क्रमांकाच्या वाहन नियमात दोन गोष्टी स्पष्ट आहेत : जळणासाठीची हवा केबिनमधून घ्यायची नाही, आणि धूर खिडकीतून किंवा हवेच्या झरोक्यातून आत येईल अशा ठिकाणी सोडायचा नाही. म्हणून उघडणाऱ्या खिडकीखाली तोंड नको. गाडीच्या मागे तर नकोच. आपल्याकडे मागचे दार उघडून तिथेच स्टोव्ह मांडायचा, चहा करायचा, पाय सोडून बसायचे ही रीत. शिवाय चौकोनी पाठीची गाडी मागचे दार उघडे ठेवून चालवली तर धूर मागून आत ओढला जातो. त्यातल्या त्यात बरी जागा म्हणजे बाजूचा कडेचा पत्रा, तोंड खाली आणि किंचित मागे वळवलेले. पुढे वळवले तर धावत्या गाडीचा वारा नळीत घुसून ज्योत बिघडवतो. हवा ओढणाऱ्या नळीलाही तोच नियम, आणि दोन्ही नळ्यांची तोंडे एकमेकांपासून दूर. भोके पाडण्याआधी एक सोपी चाचणी करता येते. वारा पडलेला असताना आणि वारा असताना अशी दोनदा, ठरवलेल्या तोंडापाशी पेटती उदबत्ती धरायची आणि खिडक्या, मागचे दार उघडून धूर कुठे वळतो ते पाहायचे. दहा रुपयांत काम होते.

सर्वांत रुळलेली जागा म्हणजे चालकाशेजारच्या सीटखालची. जळण्याच्या दोन्ही नळ्या सरळ फरशीतून खाली उतरतात, आतली पोकळी आयती मिळते आणि ऊब पायाशी सुटते. हीटरच्या बुडाचे गॅस्केट सपाट पत्र्यावर पूर्ण बसले पाहिजे. खालची फरशी पन्हाळी असेल तर मध्ये जाड सपाट प्लेट घालावी लागते, नाहीतर गळालेला धूर त्याच फटीतून वर येतो. खाली ब्रेकची नळी, वायरिंग, प्रोपेलर शाफ्ट काय काय आहे ते गाडी रॅम्पवर घेऊनच पाहावे. पंख्याच्या तोंडापुढे चार बोटे मोकळी जागा लागते. तिथे चादर किंवा पिशवी कोंबली की हीटर तापून स्वतःच बंद पडतो.

चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, वेगळी बॉडी बसवलेल्या गाड्यांत एक गोष्ट हमखास चुकते. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये रबरी बुश असतात, आणि खडकाळ वाटेवर दोन्ही वेगवेगळ्या हलतात. हीटर बॉडीच्या फरशीला आणि धुराच्या नळीचा क्लॅम्प चासीला, अशी बांधणी केली तर नळी रोज थोडी थोडी पिळली जाते आणि शेवटी तडकते. ती तडकते सहसा हीटरच्या तोंडाशीच, म्हणजे बरोबर सीटखाली. नळीचे सगळे क्लॅम्प बॉडीलाच हवेत.

मागच्या चाकाच्या कमानीमागची आतली कोपऱ्याची जागा दिसायला छान, कारण सीट अडत नाही. पण तिथे खाली निघणाऱ्या नळ्या थेट चाकाच्या माऱ्यात येतात. ओली रेगड कशी चिकटते हे सांगायला नको. चाकाने उडवलेला गोळा दोन दिवसांत वाळून सिमेंटसारखा होतो, आणि २४ मिमीच्या नळीचे तोंड बुजायला एकच गोळा पुरतो. या जागेला नळ्यांपुढे पत्र्याचा किंवा रबराचा आडोसा लागतोच.

पाण्याचा प्रश्न सगळ्याच जागांना आहे. नव्या थारची पाण्यात उतरण्याची मर्यादा कंपनी ६५० मिमी सांगते. फरशीखालून निघालेली हीटरची नळी त्याच्या कितीतरी आधी बुडते. हीटर बंद असला तरी पाणी जळण-कोठडीपर्यंत चढू शकते, आणि चालू असेल तर तापलेल्या धातूवर गार पाणी पडते. रपटा ओलांडताना हीटर बंद ठेवावा. पण बटण दाबल्यावर पंखा आणखी काही मिनिटे कोठडी थंड करत राहतो, तेवढे थांबावे. धुराच्या नळीच्या सर्वांत खालच्या वळणाला बारीक भोक ठेवले तर जळणातून साचणारे पाणीही तिथूनच ठिबकते. हीटर चासीखाली पेटीत बसवणे, जे काही जण हौसेने करतात, ते डांबरी रस्त्यापुरते ठीक. इंजिनाच्या खोलीत तर बसवूच नये : तिथे उष्णता, तेल आणि इंजिनाचा स्वतःचा धूर.

बाहेरची पेटी : हीटर आणि छोटी टाकी एका लोखंडी पेटीत घालून ती जेरीकॅनच्या जागी किंवा कॅरिअरवर लावायची आणि गरम हवेचा पाइप खिडकीतून आत घ्यायचा, ही युक्ती डिझेलचा वास आणि फरशीतली भोके दोन्ही टाळते. पेट्रोलवरच्या जुन्या जिप्सीला तर डिझेलची वेगळी टाकी लागतेच. पण पाइपात बरीच ऊब वाटेतच जाते, आणि पेटी बाहेरचीच गार हवा ओढून तापवत असल्याने केबिन हळू तापते. खरा धोका वेगळा आहे. केबिनला जाणारी हवा आणि धूर एकाच पेटीभोवती घोटाळतात. दोन्हींची तोंडे पेटीच्या विरुद्ध बाजूंना नसतील तर ही सगळ्यांत वाईट जागा ठरते, मग ती कितीही सुटसुटीत दिसो.

धुराची नळी शेकडो अंशांपर्यंत तापते. डिसेंबरात कुसळी गवत वाळलेले असते, शेताच्या बांधावर पऱ्हाट्या आणि तुराट्या रचलेल्या असतात, आणि खाली वळलेले तोंड त्यांच्यापासून वीतभर अंतरावर येते. गाडी मोकळ्या मातीवर उभी करावी. राखीव जंगलात आग लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. वेचणीच्या दिवसांत त्याच गाडीतून कापूस नेत असाल तर पंख्याच्या जाळीवर बसणारे तंतू दर खेपेनंतर काढावेत.

डिझेलचा छोटा पंप हीटरपेक्षा टाकीच्या जवळ हवा, आणि त्याचे सोडणारे तोंड वर तिरपे, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. तो रबरात टांगला नाही तर रात्रभर पाल चुकचुकल्यासारखा आवाज पत्र्यातून येत राहतो. टाकीत सोडलेल्या नळीचे टोक तळापासून वर ठेवावे. म्हणजे डिझेल संपत आले की हीटर आधी उपाशी राहतो आणि इंजिनाला घरी पोचण्यापुरते डिझेल उरते.

थारसारख्या केबिनला २ किलोवॉट भरपूर. ५ किलोवॉटचा घेतला तर इथल्या आठ अंशांच्या रात्री तो कायम मंद आचेवर चालतो आणि कोठडीत काजळी धरतो.

आता ते दहा महिने. कुंभारीण माशीला पेन्सिलपासून अंगठ्यापर्यंतच्या जाडीची कुठलीही नळी घर करायला चालते. नोव्हेंबरात हीटर लावावा तर पांढरा धूर, मग एरर; आणि नळीत तार घातली की वाळलेल्या मातीच्या ढेपा, त्यांच्या आत माशीने पिल्लांसाठी भरून ठेवलेले कोळी. गाडी गोठ्यात लागत असेल तर उंदीर डिझेलची बारीक नायलॉनची नळीही सोडत नाहीत. म्हणून नळ्यांची तोंडे वाकून हात पोचेल अशा ठिकाणीच काढावीत. त्यांना रबरी बुचे लावावीत आणि हीटरचा फ्यूज काढून त्याच बुचांना दोऱ्याने बांधावा, म्हणजे बुचे काढल्याशिवाय हीटर सुरूच होणार नाही. महिन्यातून एकदा दहा मिनिटे हीटर चालवावा लागतो, मे महिन्यातही. त्यासाठी पहाटे पाचची वेळ बरी. नंतर केबिन इतकी तापते की थर्मोस्टॅट हीटरला पेटूच देत नाही.