केंटिश चिखल्या
वालुकामय किनारे, मिठागरे व खाडीच्या तोंडाशी आढळणारा छोटा पक्षी. लांबी १५ ते १७ सेंमी., वजन सुमारे ४० ग्रॅम. पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरे, चोच आखूड व काळी, पाय बहुधा काळपट. गळ्याखालचा काळा पट्टा समोर जुळत नाही, दोन्ही बाजूंना तुटकच राहतो. ही याची ठळक खूण. विणीच्या काळात नराच्या कपाळावर काळी पट्टी दिसते आणि डोके तांबूस होते.

नावांचा मात्र सगळा घोळ आहे. सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनीअसने १७५८ मध्ये ईजिप्तमधील अलेक्झांड्रियावरून याला ‘अलेक्झांड्रिनस’ म्हटले. इंग्रजी नाव पक्षितज्ज्ञ जॉन लेथमने दिले, ते इंग्लंडच्या केंट परगण्यातील सँडविचजवळ मिळालेल्या नमुन्यांवरून. गंमत अशी, की ब्रिटनमध्ये हा आता नियमितपणे वीणसुद्धा करत नाही. ‘कॅराड्रिअस’ हे याचे जुने प्रजातीनाम (शास्त्रीय नावाचा पहिला शब्द) ग्रीक ‘खाराद्रा’ म्हणजे घळ यावरून आले. प्राचीन ग्रीकांचा खाराद्रिओस हा पक्षी घळीत राहणारा, आणि त्याच्याकडे नुसते पाहिले तरी कावीळ उतरते, अशी समजूत होती. अलीकडच्या वर्गीकरणाने केंटिश चिखल्याला ‘ॲनारिंकस’ प्रजातीत नेले. ते नाव मुळात न्यूझीलंडमधल्या वाकड्या चोचीच्या पक्ष्याचे. याची चोच तर सरळ! त्यामानाने मराठी नाव प्रामाणिक म्हणायचे, कारण ओहोटीला हा चिखलावरही चरतो.

श्रीलंका व दक्षिण भारतातले या पक्ष्याचे कायम रहिवासी २०२३ मध्ये स्वतंत्र जाती ठरले. रामसेतूच्या परिसराशी असलेल्या संबंधामुळे त्यांना हनुमानाचे नाव मिळाले. शास्त्रीय नावात मात्र हेन्री सीबोम हा इंग्रज पक्षितज्ज्ञच राहिला.

कोकणात केंटिश चिखल्या हिवाळ्यात येतो. आक्षीसारख्या किनाऱ्यांवर इतर चिखल्यांच्या थव्यात मिसळलेला दिसतो. चार पावले तुरुतुरु धावायचे, थबकायचे, टोच मारून किडा किंवा बारीक कवचधारी जीव उचलायचा, पुन्हा धावायचे, असा त्याचा खाक्या. गुजरातेत वीणही होते. घरटे म्हणजे वाळूतला उथळ खळगा, त्यात बहुधा तीन ठिपकेदार अंडी, अनेकदा वाळूत अर्धवट पुरलेली. दिवसा बहुतेक वेळ मादी उबवते, रात्री नर. कडक उन्हात दोघेही पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि अंडी गार ठेवतात. पिल्ले जन्मतःच चालती-फिरती, आपले आपण टिपून खाणारी असतात. त्यामुळे मादी बरेचदा लवकरच निघून जाते व दुसरा जोडीदार शोधते. राखण नराकडे राहते.