रूट मॅप आणि फ्लो मॅप: रेषा दोन्हीत, पण सांगतात वेगळंच

आषाढी जवळ आली की व्हॉट्सॲपवर माऊलींच्या पालखी मार्गाचा नकाशा फिरायला लागतो. आळंदी, पुणे, सासवड, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी आणि मग पंढरपूर. हा झाला रूट मॅप. पालखी कुठनं जाते, मुक्काम कुठं, एवढं तो सांगतो आणि चोख सांगतो. पण पंढरपुरात कुठल्या जिल्ह्यातनं किती माणूस येतं असं कोणी विचारलं तर ह्या नकाशाकडं उत्तरच नाही, कारण मराठवाडा, विदर्भ, कर्नाटक इकडून येणारी माणसं त्या रेषेवर नाहीतच. त्याच्यासाठी फ्लो मॅप लागतो, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यातनं पंढरपूरकडं एक पट्टा आणि जितकी माणसं जास्त तितका पट्टा जाड.

रूट मॅपमध्ये रेषेची वळणं खरी असतात आणि जाडी फक्त नीट दिसावी म्हणून ठेवलेली असते. फ्लो मॅपमध्ये जाडी खरी, ती मोजून ठेवलेली, आणि वळणं सोयीची. ज्याला जे बघायचंय ते त्याला मिळायला पाहिजे, पण लोक करतात काय, गुगल मॅप्सवरून रस्ते उचलतात, त्यावर आकडे लिहितात आणि फ्लो मॅप म्हणून प्रेझेंटेशनमध्ये टाकतात.

आता आपल्या सोलापुरी चादरीचंच घ्या. समजा एका व्यापाऱ्याचा महिन्याचा माल असा गेला: पुणे 800 गठ्ठे, हैदराबाद 400, पंढरपूर 200, मोहोळ 20 (आकडे फक्त समजण्यापुरते धरलेत). हे रस्त्यावरनं काढलं तर पुण्याचा माल मोहोळवरनं जाणार, पंढरपूरचाही बहुतेक मोहोळवरनंच जाणार, म्हणजे सोलापूर ते मोहोळ ह्या तुकड्यावर 800 अधिक 200 अधिक 20 असे 1020 गठ्ठे जमतात आणि नकाशात सगळ्यात जाड पट्टा तोच दिसतो. बघणारा म्हणणार, अरे वा, मोहोळला केवढी विक्री! आणि मोहोळनं घेतलेत 20. तेच सोलापुरातनं चारी गावांना सरळ किंवा जरा वाकवलेल्या वेगवेगळ्या रेषा काढल्या की पुणे जाड, मोहोळ बारीक, लगेच कळतं. पण 1020 हा आकडा चुकीचा नाहीये बरं का, तो दुसऱ्याच्या कामाचा आहे. रस्त्यावर लोड किती, रुंदीकरण कुठं पाहिजे हे ज्याला ठरवायचंय त्याला मोहोळचा जाड पट्टाच लागतो, त्याच्यापुढं सरळ रेषा ठेवून उपयोग नाही.

ह्यातला उस्ताद म्हणजे शार्ल मिनार, फ्रेंच इंजिनिअर. नेपोलियनच्या 1812 च्या रशिया मोहिमेचा त्यानं 1869 मध्ये काढलेला नकाशा खूप जणांनी पाहिला असेल, त्यात पट्ट्याची 1 मिलिमीटर जाडी म्हणजे 10,000 माणसं, निघताना 4,22,000, मॉस्कोत 1,00,000 आणि परत आले 10,000. पण आपल्या सोलापूरसारख्या गिरणगावाला जास्त जवळचे वाटतील ते त्याचे युरोपात येणाऱ्या कापसाचे नकाशे. 1858 च्या नकाशात अमेरिकेचा पट्टा भलामोठा, आणि तिकडं यादवी युद्ध पेटल्यावर 1864 च्या नकाशात तो आटलेला आणि हिंदुस्थानातनं जाणारा पट्टा फुगलेला. हे पट्टे समुद्रातनं बसावेत म्हणून त्यानं किनारेसुद्धा सरकवले. रूट मॅपवाल्यानं असं केलं तर जहाज खडकावर जाईल, फ्लो मॅपमध्ये मात्र मला ते शंभर टक्के योग्य वाटतं, कारण तिथं जाडीला धक्का लागता कामा नये.

क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) करायचं तर एक्सेलला तीन कॉलम पाहिजेत, कुठनं, कुठं, किती, आणि गावांचे लॅट-लाँग, म्हणजे अक्षांश-रेखांश. एक्समध्ये लाँगिट्यूड (रेखांश) टाकायचा, वायमध्ये लॅटिट्यूड (अक्षांश). सोलापूर म्हणजे एक्स 75.9, वाय 17.7, हे उलटं पडलं तर आपलं सोलापूर थेट आर्क्टिक समुद्रात स्वालबार्डजवळ जाऊन बसतं. मग जॉईन बाय लाइन्स हे टूल चालवलं की रेषा तयार. खरी गडबड पुढं होते, जाडी देताना. असिस्टंट (आकड्यावरनं जाडी ठरवणारी क्यूजीआयएसमधली खिडकी) उघडून व्हॅल्यूज फेच केल्या, म्हणजे आकडे त्यात ओढून घेतले की तो सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा धरतो, म्हणजे 20 ते 800, आणि तुम्ही साईज 1 ते 10 मिलिमीटर ठेवली तर मोहोळ 1 आणि पुणे 10, खरा फरक 40 पट आणि दिसतो 10 पट. म्हणून दोन्हीकडं सुरुवात शून्यापासून करा, 0 ते 800 ला 0 ते 8 मिलिमीटर, स्केल लिनियर, म्हणजे आकडा दुप्पट तर जाडीही दुप्पट. मग पुणे 8, हैदराबाद 4, पंढरपूर 2 आणि मोहोळ 0.2. मोहोळ केसासारखं दिसतं, दिसू दे, ते तेवढंच आहे.

अजून एक फसवाफसवी लांबीची. जाडी सारखी असली तरी लांबची रेष जास्त जागा खाते म्हणून डोळ्याला मोठी वाटते, 400 गठ्ठे हैदराबादला गेले काय आणि तेवढेच अक्कलकोटला गेले काय, हैदराबादच भारी दिसणार. त्यावर उपाय म्हणजे शेवटच्या गावाशी आकडा लिहायचा. आणि सगळंच दाखवायचा मोह आवरायचा, आपल्या सोलापूर जिल्ह्यात तालुके 11, प्रत्येकातनं बाकीच्या 10 ला असं धरलं तर 110 रेषा होतात, नुसता गुंता, त्यातल्या मोठ्या ठेवायच्या, बाकीच्या एकदम फिकट करायच्या. जाणारा आणि येणारा माल वेगळा असेल तर दोन्ही रेषा एकावर एक न ठेवता ऑफसेट द्या, म्हणजे जरा बाजूला सरकवा, जशी गाडी डावीकडनं चालते तसं प्रत्येक दिशेची रेष आपल्या डावीकडं, म्हणजे बाणांची गर्दी करावी लागत नाही.

लेजेंडमध्ये (नकाशाच्या सूचीत) दोन-तीन जाड्या काढून त्यांच्यापुढं गठ्ठे किती ते लिहायचं आणि रेषा सरळ असतील तर खाली स्पष्ट टाकायचं की ह्या रेषा म्हणजे रस्ते नाहीत, नाहीतर मिटिंगमध्ये कोणीतरी हमखास विचारतंच, हा मंगळवेढ्याला जाणारा नवीन रस्ता कुठला ओ?