देवडीवरचा पहारेकरी आणि माजघराचं दार

परवा भाचा नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घरी आला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, “मामा, हाच ब्राउझर सगळ्यात सुरक्षित. अभ्यासात सिद्ध झालंय.” कुणाच्या अभ्यासात? ते फॉरवर्डमध्ये नव्हतं.

असे अभ्यास पूर्वीही गाजलेत. ऑगस्ट २००९ मध्ये एनएसएस लॅब्स या सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीच्या चाचणीत, फसवून घातक फाइल उतरवायला लावणाऱ्या साइट्सपैकी मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ ने ८१ टक्के अडवल्या, फायरफॉक्सनं २७, क्रोमनं ७. खर्च मायक्रोसॉफ्टचा. डिसेंबर २०११ मध्ये अ‍ॅक्युव्हंट या दुसऱ्या सुरक्षा कंपनीनं तुलना केली, तेव्हा गूगलचा क्रोम पहिला. खर्च गूगलचा.

लगेच ‘विकले गेले’ म्हणू नका. आमच्या महालातला जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. पहिल्यांनी मोजलं, देवडीवरचा पहारेकरी किती भामटे परतवतो. भिंत फोडून येणारे चोर त्या चाचणीत नव्हतेच. शिवाय सरसकट सगळ्यांना हाकलणारा पहारेकरी शंभर टक्के मिळवेल, पण दूधवालाही बाहेरच. दुसऱ्यांनी मुख्यतः पाहिलं, चोर आत शिरलाच तर माजघर उघडतं का.

माझा जीव या माजघराच्या दारावर. त्याला सँडबॉक्स म्हणतात. क्रोममध्ये वेबपानाचा कोड ‘रेंडरर’ या वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालतो आणि तिला अधिकार जवळजवळ नाहीत. फाइल हवी तर मुख्य प्रोसेसकडे मागायची. आता समजा, प्रोग्रॅमनं मेमरीचा एक तुकडा मोकळा केला, पण त्याचा पत्ता जपून ठेवला. हल्लेखोर तिथे आपला डेटा बसवतो, प्रोग्रॅम तो आपलाच समजून वापरतो आणि रेंडरर ताब्यात जातो. तरी हाती काय लागतं? विंडोजवर अधिकार छाटलेलं टोकन, म्हणजे प्रोसेसचं ओळखपत्र; लिनक्सवर सेकॉम्प नावाच्या चाळणीनं गाळलेले सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे करायच्या मागण्या. बाहेर पडायला मुख्य प्रोसेसमध्ये किंवा कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, दुसरं भोक शोधावं लागतं. २०११ च्या फायरफॉक्सला हे दारच नव्हतं.

बर्डीवरच्या एका दुकानात संगणकाला लिंबू-मिरची टांगलेली पाहिली. दुकानदाराच्या मोजणीत तिनंही एकूण एक व्हायरस अडवलाय.

ब्राउझरमधले नुसते दोष मोजणारे तर आणखी गमतीचे. स्वतः शोधलेला दोष जाहीर करणारा त्यांच्या तक्त्यात खाली जातो, गुपचूप बुजवणारा वर.

“मग मी कोणता वापरू?” भाच्यानं लॅपटॉप उघडला. कोपऱ्यातलं अपडेटचं बटण लाल झालं होतं.

“हे कधीपासून?”

“दिवाळीपासून असेल.”