'स्टेव्ह ऑफ'मधली काठी

कसोटीच्या पाचव्या दिवशी शेवटची जोडी दोन तास खेळून काढते. मराठी वार्ताहर लिहितो, 'पराभव टळला'. इंग्रजी वार्ताहर लिहितो की संघाने पराभव 'स्टेव्ह ऑफ' केला. मतलब एकच, पण इंग्रजी वाक्यात एक लांब काठी लपलेली आहे.

'स्टाफ' म्हणजे काठी, दंड. त्याच्या जुन्या अनेकवचनावरून 'स्टेव्ह' आला. (बँकेचा 'स्टाफ' जेवायला जातो तो हाच शब्द, हाती अधिकाराचा दंड असलेल्या माणसांवरून हा अर्थ आला, असं मानतात.) सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठी, नाटकगृहांच्या शेजारीच, अस्वलांचे आखाडे होते. अस्वल साखळीने खांबाला बांधायचं, त्याच्या अंगावर कुत्री सोडायची आणि पैजा लावायच्या. कुत्री फारच भिडली की काठ्यांनी त्यांना मागे रेटत. हे रेटणं म्हणजे 'स्टेव्ह ऑफ'. कुत्री कायमची हाकलायची नसत, पुढच्या झुंजीला तीच लागत. मला वाटतं, तो तात्पुरतेपणा या शब्दाला अजून चिकटून आहे. दिवाळखोरी 'स्टेव्ह ऑफ' होते, म्हणजे आजचं मरण उद्यावर जातं. अस्वलांचा हा खेळ 1835च्या कायद्याने बंद झाला, काठी भाषेत राहिली.

कुत्री आणखी एका वाक्प्रचारात भुंकतात. 'कीप अ‍ॅट बे'मधला 'बे' जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा अर्थ भुंकणं. शिकारीत पळून दमलेलं सांबर मागे वाट उरली नाही की वळतं, शिंगं रोखून उभं राहतं आणि समोर कुत्र्यांचा कालवा चालतो. मुळात 'अ‍ॅट बे' होता तो असा कोंडीत सापडलेला जीव. पुढे बाजू पालटली, आणि आता 'अ‍ॅट बे' ठेवतात ते अंगावर येणारं संकट: साथ, कर्ज, शत्रू. याचा संबंध तमालपत्राशी, म्हणजे 'बे लीफ'शी लावणाऱ्या गोष्टी सांगितल्या जातात. त्या रंजक असल्या तरी खऱ्या नाहीत. झाडाचा 'बे' लॅटिनमधल्या फळाच्या शब्दावरून आला, त्याला भुंकता येत नाही.

'वॉर्ड ऑफ', म्हणजे संकट दूर ठेवणं, आपल्या जास्त जवळचा. जुन्या इंग्रजीत 'वॉर्ड' म्हणजे राखण करणं. याच जर्मेनिक मुळाचा शब्द फ्रेंचांनीही घेतला, पण त्यांच्या तोंडी सुरुवातीच्या 'व'चा 'ग' झाला. तो 'गार्ड' होऊन इंग्रजीत परत आला आणि एका शब्दाची जोडी तयार झाली. महापालिकेचा वॉर्ड आणि रेल्वेचा गार्ड असे सख्खे भाऊ निघतात. दुकानदाराला आपण 'वॉरंटी आहे की गॅरंटी?' असं दरडावून विचारतो, तीही अशीच 'व'-'ग'ची जोडी आहे. दुकानात मात्र तिच्यात पैशांचा फरक असतो.

'फेंड ऑफ' म्हणजे परतवून लावणं; त्यातला 'फेंड' म्हणजे डोकं उडालेला 'डिफेंड'. 'डिफेन्स'चं डोकं उडालं तेव्हा 'फेन्स' झाला; शेताला करतो ते फेन्सिंग आणि तलवारीचं फेन्सिंग, दोन्ही तिथलीच. तलवारीचा वार चुकवणं म्हणजे 'पॅरी'. तो फ्रेंच क्रियापदावरून आला. त्याचं घराणं मोठं आहे: पॅराशूट म्हणजे पडणं अडवणारं, आणि गच्चीचा पॅरापेट म्हणजे मूळ इटालियनमध्ये छाती राखणारी भिंत. 'रेझिस्ट' आणि 'रिपेल' हे लॅटिन शब्द, अनुक्रमे समोर उभं ठाकणं आणि मागे ढकलणं. त्यांच्यात कुत्री नाहीत, काठी नाही. कचेरीत आणि डासांच्या औषधाच्या खोक्यावर ते शोभतात.

या सगळ्यांत ज्याची जन्मतारीख जवळजवळ नेमकी सांगता येते तो 'बॉयकॉट'. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नच्या जमिनीचा कारभार कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट पाहत असे. पीक बुडालेलं, कुळं खंडात सूट मागत होती आणि त्यांना हुसकावण्याच्या नोटिसा निघत होत्या. 19 सप्टेंबर 1880 रोजी एनिस इथल्या सभेत आयरिश पुढारी पार्नेल यांनी सांगितलं की, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला एकटा पाडा. ही शिक्षा पहिली भोगली ती या कारभाऱ्याने. गडी निघून गेले, दुकानदार माल देईना, शेतातलं पीक काढायला कोणी मिळेना. अखेर उत्तरेकडून पन्नासेक मजूर आणले आणि त्यांच्या राखणीला सुमारे हजार शिपाई. पाचशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंड खर्च झाल्याचं सांगतात. रेडपाथ या अमेरिकी पत्रकाराने लिहून ठेवलंय की, या बहिष्काराला 'ऑस्ट्रॅसिझम' म्हटलं तर गावकऱ्यांना कळणार नाही, म्हणून तिथले पाद्री फादर ओमॅली यांनी कॅप्टनचंच नाव क्रियापद म्हणून सुचवलं. डिसेंबरात कॅप्टन आयर्लंड सोडून गेला.

वंगभंगाच्या वेळी, 1905च्या सुमारास, हे हत्यार आपल्याकडे आलं. लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाबरोबर ते बसलं. मराठीला त्यासाठी नवा शब्द घडवावा लागला नाही. वाळीत टाकणं, पाणी-विस्तव बंद करणं आपल्या जातपंचायतींना आयरिश कुळांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. 'बहिष्कार' हा शब्द तयारच होता, त्याचं तोंड फक्त मँचेस्टरच्या कापडाकडे वळलं. जातपंचायतींनी त्याचा जुना उपयोग काही सोडला नाही. त्याला आवर घालण्यासाठी महाराष्ट्राने 2016चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो 2017मध्ये लागू झाला. त्याच्या इंग्रजी नावात 'सोशल बॉयकॉट' असे शब्द आहेत. मेयोचा कारभारी आपल्या कायद्याच्या पुस्तकात येऊन बसला आहे.